कंपनी बंद, गाडी चालू

मैसूरच्या आयडियल जावा कंपनीला १९९६ साली टाळं लागलं. तिच्या येझदी मात्र अजून रस्त्यावर आहेत. येझदी दिसण्याआधी ऐकू येते. एकाच सिलिंडरमधून निघालेले दोन सायलेन्सर, त्यांचा तो धडधडीत, जरा पोकळ आवाज आणि मागे रेंगाळणारा निळसर धूर. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली रोडकिंग आहे. ती सांभाळायची म्हणजे पेट्रोलच्या भावापेक्षा पार्टची काळजी जास्त. इंजिन बिघडलं तर दुरुस्त करता येतं, हे मला माहीत आहे. प्रश्न एवढाच असतो की ज्या तुकड्यावाचून ते अडलंय, तो तुकडा आता जगात कुठे शिल्लक आहे.

चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर मैसूरमध्ये १९६१ साली या गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं. २५० सीसीच्या वर्गातलं हे टू-स्ट्रोक इंजिन दणकट होतं, पण पेट्रोल पिणारं. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून १०० सीसीच्या गाड्या आल्या, त्यांतल्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी मायलेजची सवय लावली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. पुढे धुराचे नियमही कडक होत गेले. कंपनी गेली, तेव्हा डीलरांच्या फळ्या भरलेल्या होत्या. त्या कशा रिकाम्या झाल्या, याचा एक क्रम आहे. आधी केबल आणि रबरी वस्तू संपल्या, मग क्लच प्लेटा, मग पिस्टन, मग गिअर. शेवटी फळीवर उरलं ते कधीच न मोडणारं सामान. म्हणून जुन्या दुकानात ‘येझदीचं सामान आहे’ असं उत्तर आलं, तरी हुरळून जाऊ नये. आहे ते कुणालाच लागत नाही, म्हणूनच आहे.

पुण्यात शोध नाना पेठेत सुरू होतो आणि तिथे हात हलवत परतावं लागलं की बुधवारच्या किंवा रविवारच्या जुन्या बाजारात जातो. मुंबईकर चोर बाजार पालथा घालतात. त्यापुढचे लोक दिल्लीच्या करोल बागेत आणि थेट मैसूरला चौकशी करतात. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: सामानाची यादी कागदावर नसते, माणसाच्या डोक्यात असते. नाना पेठेतल्या एका काकांना मी किक शाफ्ट विचारला. त्यांनी मान वरही न करता विचारलं, “रोडकिंगचा की क्लासिकचा?” मग माळ्यावर चढले, एका पोत्यात हात घातला आणि न बघता तीन शाफ्ट चाचपून चौथा काढला. या गाडीत गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुन्हा गिअर. सगळा मार त्या एका शाफ्टच्या दातांवर. काकांनी ते दात बोटाच्या नखाने तपासले आणि म्हणाले, “हा घ्या. पण किक हळू मारा, पुढचा मिळेलच असं नाही.” त्या दुकानाचा कॅटलॉग म्हणजे ते काका. उद्या ते बसायचे थांबले, तर पोतं तिथेच राहील आणि माल मात्र नाहीसा होईल.

या भटकंतीत एक फरक लवकर ध्यानात येतो. जे भाग जगाच्या मापात बनलेत, त्यांना मरण नाही. बेअरिंगच घ्या. ६२०५ हा नंबर दिसला की आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोकाचं माप हाती येतं. मोटारसायकल कुठलीही असो, पंप असो की गिरणी, ६२०५ हा ६२०५ असतो आणि तालुक्याच्या गावातही मिळतो. अडतं ते कंपनीने फक्त स्वतःसाठी घडवलेल्या तुकड्यांपाशी. ज्यांनी इंजिन आखताना जमेल तिथे सर्वसाधारण मापं वापरली, त्यांनी आपल्या गिऱ्हाइकावर केवढे उपकार केले, हे कंपनी बुडाल्यावर कळतं.

दुसरा धडा ‘ओरिजिनल’चा. जुन्या गाड्यांच्या जगात या शब्दाला मंत्राचं वजन आहे. कंपनीच्या पाकिटात बंद असलेला, कधीच न वापरलेला ऑइल सील मिळाला की लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात. टू-स्ट्रोकमध्ये हा सील फार महत्त्वाचा. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच ओढलं जातं, त्यामुळे तिथे हवाबंद असणं जरुरीचं. क्लचच्या बाजूचा सील गेला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढू लागतं आणि मागे पांढरा धूर सुटतो. आता रबर हे पाकिटातही म्हातारं होतं. तीस वर्षं फळीवर पडलेल्या सीलची कड अंगठ्याने दुमडून पाहिली, तर ती वाकायच्या ऐवजी तडकते. त्यापेक्षा त्याच मापाचा, कालपरवा बनलेला साधा सील शंभर पटींनी चांगला. लोखंडाचं जुनं सामान जरूर जपावं. रबराच्या बाबतीत भावुक होण्यात अर्थ नाही.

आणि जिथे जुनंही मिळत नाही आणि नवंही, तिथे लेथ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी एका मिस्त्रींकडे कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचं बुश करून घेतलं. त्यांनी जुनं, झिजलेलं बुश व्हर्नियरमध्ये धरलं, गजन पिन मोजली आणि गनमेटलचा तुकडा चकमध्ये बांधला. शेवटचा हात रीमरचा. तेलाचं बोट लावलेली पिन अंगठ्याने ढकलली की सरळ आत जावी, पण लुळी पडू नये, एवढंच त्यांचं माप. आकडा त्यांनी एकदाही उच्चारला नाही. सिलिंडरचं काम याहून जोखमीचं. बोअर मूळचा ६५ मिलिमीटरचा. झिजला की पाव-पाव मिलिमीटरने मोठा करायचा आणि ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा. ही मुभा थोडीच असते. ती संपली की आत स्लीव्ह बसवायची आणि त्या स्लीव्हमध्ये हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या खिडक्या मूळच्या उंचीवर कापायच्या. खिडकी किंचित वरखाली झाली तरी गाडीची ओढ बदलते.

उरतो तो मार्ग गाडी तोडण्याचा. चार मरणासन्न येझदींमधून एक धडधाकट निघते, हे गॅरेजमधलं गणित आहे आणि त्यात मला वाईट काही वाटत नाही. खटकतो तो साठा. अलीकडे या गाड्यांना शोभेची किंमत आली आणि ज्यांची गाडी वर्षातून एकदा चादरीखालून निघते, त्यांनी पिस्टन, कार्बोरेटर पेट्यांमध्ये भरून ठेवले. गावात आजही कुणी याच गाडीवर दूध घालतो, कुणी शेतावर जातो. त्याचा सिलिंडर जाम झाला की त्याला तोच पिस्टन दामदुपटीने घ्यावा लागतो. माझ्या मते पार्टवर पहिला हक्क रोज चालणाऱ्या गाडीचा.

जावा हे नाव २०१८ मध्ये परत आलं, येझदी २०२२ मध्ये. टाकीवरची अक्षरं ओळखीची, इंजिन फोर-स्ट्रोक. जुन्या गाडीच्या इंजिनाला त्यातलं काही लागू पडत नाही. कंपनी गेली तरी नावाला बाजारभाव राहतो. पार्टांच्या ड्रॉइंगना तो नसतो, म्हणून त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. आजच्या गाड्यांचा प्रश्न तर याहून अवघड होणार आहे. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर आहेत आणि इंजिनाचा कारभार बघणारा छोटा संगणक आहे. उद्यमनगरातला मिस्त्री बुश वाचू शकतो, संगणकातला प्रोग्राम नाही. अशी गाडी बनवणारी कंपनी उद्या बंद झाली, तर एवढ्याशा बंद डबीपायी अख्खी गाडी भंगारात जाईल.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. सुरुवात चांगली आहे, पण पुरेशी नाही. मॉडेल बंद करण्याचा हक्क कंपनीचा. तो कुणी नाकारत नाही. मात्र बंद करताना तिने त्या मॉडेलची मापं, धातूंची माहिती आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी खुले करावेत, असा नियम हवा. ज्यातून नफा संपला, ते कुलपात ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. गाडीतून काढलेला मोडका, झिजलेला पार्ट भंगारवाल्याला देऊ नका. पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. नवा बनवायला गेलात की मिस्त्री पहिल्यांदा तोच मागतो.