पेंढा, पँट आणि नवं वर्ष

वसई,
30 डिसेंबर 2025

प्रिय बाय,

नाताळच्या रात्री फोन ठेवताना तू ‘सॉरी पप्पा’ म्हणालीस, तेवढ्यासाठी हे पत्र. फोनवर तुझी मम्मी मला बोलू देत नाही, आणि दिलंच तर मला सुचत नाही.

सॉरी कसलं? ड्युटी होती, तू केलीस. मी रेल्वेत गार्ड होतो तेव्हा 24 डिसेंबरची शेवटची विरार लोकलसुद्धा कुणीतरी न्यायचीच असायची. ती वाट्याला आली की विरारला गाडी लावायची आणि पहाटेच्या गाडीने वसईला परतायचं. तोवर मैदानातली मिस्सा कधीच आटोपलेली, आळी झोपलेली. तुझी आजी ताटावर ताट पालथं घालून जागी असायची. ‘तू गाडी आणली नसतीस तर लोक घरी कसे आले असते?’ एवढंच म्हणायची आणि जेवायला वाढायची. तुझ्या डब्लिनच्या वॉर्डात ज्या म्हाताऱ्यांकडे सणाला कुणी फिरकलं नाही, त्यांच्या उशाशी तू होतीस. सण तिथेच झाला तुझा.

इकडची हालहवाल सांगतो. कुलकुल या वेळी थोडेच केले. मम्मीचा खांदा धरलाय, पीठ मळायचं काम माझ्याकडे आलं. मैदा-रव्यात नारळाचं दूध किती घालायचं यावरून आम्ही भांडलो. समोरच्या इमारतीतल्या दोन बिहारी पोरी मदतीला बसल्या होत्या. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि हलकेच वळवत सोडायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात; धाकटीला ते पहिल्या झटक्यात जमलं. तुझ्या लेकीलाही काटा देऊन बसव. वसई तिला फोटोत दाखवण्यापेक्षा हातात दिलेली बरी.

गोठ्याची मात्र पंचाईत झाली. नाचणी रुजवून हिरवळ झाली, मूर्ती माळ्यावरून उतरल्या, पण पेंढा मिळेना. एके काळी ऑक्टोबरात झोडणी झाली की प्रत्येक खळ्यावर उडव्या उभ्या असायच्या, हवा तेवढा उचलावा. यंदा आपल्या आळीत भात लावणारं कुणीच नव्हतं. शेवटी मंडपवाल्याकडून एक पेंढी विकत आणली. वसईत राहून बाळ येशूच्या गव्हाणीत विकतचा पेंढा! मम्मी हसली, मला काही हसू आलं नाही.

परवा रविवारी पवित्र कुटुंबाचा सण होता आणि त्याच दिवशी आपल्याकडे आशेच्या ज्युबिली वर्षाची सांगताही झाली. फादरांच्या प्रवचनातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 2024च्या नाताळच्या आदल्या रात्री रोममध्ये पवित्र द्वार उघडलं पोप फ्रान्सिस यांनी. एप्रिलमध्ये ते गेले. आता 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते दार बंद करतील पोप लिओ. उघडणारा एक आणि बंद करणारा दुसरा. मधलं वर्ष मात्र भाविक चालत राहिले, कुणाचं अडलं नाही.

मला आपले फादर दिब्रिटो आठवले. ‘हरित वसई’च्या चळवळीच्या वेळी, 1980च्या दशकाच्या अखेरीस, आम्ही तरुण होतो, त्यांच्या सभांना जायचो. वाड्या, विहिरी, बावखलं राहिली तर वसई राहील, हे तेव्हापासून ऐकत आलो. 2024च्या जुलैत फादर गेले. लढाई पुरी झाली का? नाही. बावखलं बुजतच आहेत. ज्या तळ्यांतून रहाटाने केळीच्या बागा शिंपल्या, ज्यांच्यामुळे विहिरींचं पाणी गोडं राहिलं, त्यांच्यावर मातीचे डंपर रिकामे होतात. मग पावसाला जिरायला जागा राहत नाही. 2018च्या जुलैत तुंबलेलं पाणी तू पाहिलंयस. खाटेवर उभं राहून मिक्सर वाचवला होतास. तरीही जेवढं हिरवं उरलंय, तेवढं कुणीतरी तेव्हा दार उघडलं म्हणून उरलंय.

जागेचे दलाल अजून येतात. ‘मुलगी परदेशात, तुम्ही दोघं म्हातारे, वाडी ठेवून करणार काय?’ सवाल बरोबर आहे. त्याचं उत्तर मी नव्या वर्षासाठी ठरवलंय. फक्त असं मागायचं, ज्यात माझा स्वतःचा हात लागेल. तू परत यावीस, सगळं पूर्वीसारखं व्हावं, हे माझ्या हातातलं नाही. ते मी मागणार नाही. एप्रिल-मेमध्ये मागचं बावखल उपसायचंय. गाळ, जलपर्णी, पिशव्या सगळं. आळीतल्या चौघांनी हो म्हटलंय, त्यातले दोघे नक्की येतील. जूनला खालच्या तुकड्यात भात. बियाणं बोलून ठेवलंय, लावणीला माणसं मिळणं कठीण, पण तुकडा केवढासा! दोघं मिळून आठवड्याभरात लावू.

एक गोष्ट नीट वाच. हे मी तुझ्यासाठी राखून ठेवतोय असं समजू नकोस. तो भार तुझ्या डोक्यावर नको. तुझ्या आजोबांनी ही वाडी शिंपली तेव्हा मुलगा रेल्वेत जाईल आणि नात आयर्लंडला, हे त्यांना कुठे माहीत होतं? पाणी मिळालं, त्यांनी शिंपलं. पुढे ही वाडी तू ठेवशील, कुणाला कसायला देशील की विकशील, ते तू त्या वेळी ठरव. मी विचारायला नसेन, आणि असलो तरी रुसणार नाही. आज बावखलात पाणी आहे आणि माझे गुडघे अजून चालतात, एवढं कारण मला पुरे आहे.

उद्या रात्री पोरं नाक्यावर सरत्या वर्षाचा पुतळा, म्हातारा, जाळणार आहेत. ‘काका, तुमची एखादी जुनी पँट द्या ना’ म्हणून आली होती. रेल्वेची पांढरी पँट दिली. आता सरत्या वर्षाबरोबर मीही थोडा जळणार. मम्मी म्हणते, बरं झालं, कपाट रिकामं झालं.

नवं वर्ष तुम्हा तिघांना सुखाचं जावो. रात्रपाळीनंतर न जेवता झोपू नकोस. जावईबापूंना नमस्कार. आणि हो, नव्या वर्षात तू काय करायचं ठरवलंयस ते मला कळव. मोठं काही नको, हाताने होईल असं एखादं सांग. बावखलाचं काम कुठवर आलं ते मी कळवत जाईन, तू तुझं कळव.

तुझे,
पप्पा