वाफशावरची मुळं

श्रावणातली झड उघडून काळ्या रानाला वाफसा आला, की मुळासकट उपटलेल्या सोयाबीनचा एक वास येतो. ओल्या मातीचा, पण नुसत्या मातीचा नव्हे. त्यात मुळांचा कच्चा हिरवटपणा मुरलेला. आता शहरातल्या पावसातही तो कधी अवचित आठवतो, आणि मन कयाधूकाठच्या रानात जाऊन बसतं.

वसमतकडे हळदीचे बेड, आमच्या हिंगोलीच्या अंगाला सोयाबीनच सोयाबीन. निंदता निंदता माय खुरप्यासरशी आलेलं एखादं झाड उलटं धरायची, माती झटकायची आणि मुळावरची ज्वारीएवढी गाठ नखानं फोडायची. आत ओलसर गुलाबी रंग. “जित्ती हाय बघ,” एवढंच म्हणायची आणि पुढची पात धरायची.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला. गाठीतले जिवाणू ज्या विकराच्या बळावर हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात, ते नायट्रोजिनेज मोठं हळवं. मोकळा प्राणवायू लागला की निकामी होतं. जिवाणूंना मात्र श्वासाला प्राणवायू हवाच. म्हणून तो गुलाबी रंग त्यांना प्राणवायू बेताबेतानं पुरवत राहतो. किती नाजूक हा संसार!

आणि त्यावर झाडाचा स्वतःचा लगाम. मुळांत सायटोकायनिन हे संप्रेरक वाढलं की पेशी विभागू लागतात, गाठ धरते. इथिलीन हे वायुरूप संप्रेरक दाटलं की गाठी धरणं आवरतं. मातीत नायट्रेट आयतं मिळालं तर झाड नायट्रेट रिडक्टेज या दुसऱ्या विकराकरवी तेच पचवतं आणि नव्या गाठींचा खर्च टाळतं. पण झड लांबली, रान चिबडलं, की इथिलीनला मातीतून बाहेर पडायला वाट उरत नाही आणि प्राणवायूला आत यायला. नायट्रोजिनेज मंदावतं. मग पानं पिवळी पडतात, आणि बांधावर उभ्या माणसाचा चेहराही तसाच उतरतो.

आभाळ उघडल्यावर ते पिवळं रान बघून युरियाच्या पोत्याकडे धावू नका. आधी चर मोकळे करा, तुंबलेलं पाणी काढून द्या. मुळांना श्वास मिळाला, की बरंचसं नत्र ती स्वतःच कमावतात.