हक्क की परवाना?

१५ मार्च २०१९ च्या जुम्याला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ माणसं मारली गेली. हल्लेखोराच्या बंदुका चोरीच्या नव्हत्या, रीतसर परवान्यावर घेतलेल्या होत्या. न्यूझीलंड हा शेतकऱ्यांचा आणि शिकाऱ्यांचा देश. तिथे बंदूक कुदळ-फावड्यासारखी घरातली वस्तू. परवाना माणसाला मिळायचा, पण त्याच्याकडच्या बहुतेक बंदुकांची सरकारदरबारी नोंद नसायची. लोकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग महिन्याच्या आत, १० एप्रिलला, संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. सरकारने मोबदला देऊन ५० हजारांहून जास्त बंदुका परत घेतल्या. गेलेल्यांत स्थलांतरित पुष्कळ होते. तरी देश असा हलला, जणू मयत त्याच्याच घरात झाली होती. बंदूक आणि मुसलमान हे दोन शब्द जवळ आले की बातमीचा रोख कुठे वळतो, हे आपण जाणतोच. म्हणून ते ११९ मला विसरता येत नाहीत.

अमेरिकेबद्दल आपण सहज म्हणतो, तिथल्या लोकांनाच बंदुकीचं वेड. हे अर्धंच खरं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत ६ मोठी माणसं आणि सहा-सात वर्षांची २० मुलं मारली गेली. वीस मुलं म्हणजे कितीतरी शाळांत एका वर्गाचा अख्खा पट. बंदूक विकण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, असं तेव्हा जनमत चाचण्यांत दहापैकी नऊच्या आसपास लोक म्हणत होते. तरी एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये तपासणी वाढवण्याचा प्रस्ताव पडला. बाजूने ५४ मतं होती, हवी होती ६०. मला यातलं गणित असं दिसतं: ज्याला तपासणी हवी, तो मत देताना पगार, दवाखाना, शाळा, सगळं बघतो. ज्याला नको, तो तेवढंच बघतो. शिवाय १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणं तिथे हक्क ठरलेलं. हक्काला हात लावायचा तर कारण सरकारने द्यायचं. परवान्यासाठी कारण माणसाने द्यायचं. आपला १९५९ चा शस्त्र कायदा या दुसऱ्या जातीचा.

सँडी हूकनंतर आठवडाभरात तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनने सांगितलं होतं, की वाईट माणसाच्या बंदुकीला चांगल्या माणसाची बंदूकच थांबवते. क्राइस्टचर्चच्या लिनवुड मशिदीत जो माणूस हल्लेखोरावर धावून गेला, त्याच्या हातात कार्ड स्वाइप करायचं मशीन होतं. तेच त्याने फेकून मारलं. मग हल्लेखोराने टाकलेली रिकामी बंदूक उचलून त्याच्या गाडीच्या काचेवर भिरकावली. हल्लेखोर गाडी घेऊन पळाला.

न्यूझीलंडचा तो सूर मात्र तसाच राहिला नाही. विरोधातलं ते एकमेव मत ज्या पक्षाचं, तो २०२३ मध्ये सत्तेत भागीदार झाला. बंदुकांचं खातं ज्या मंत्रीबाईंकडे आलं, त्या २०१९ मध्ये परवानाधारक बंदूकमालकांच्या संघटनेच्या प्रवक्त्या होत्या. शस्त्र कायदा नव्याने लिहिण्याचं काम त्यांच्याकडेच गेलं.