ओटा, ओळ आणि सावली

धुळ्यात पत्ता विचारला की उत्तरात बहुधा आकडा येतो : गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. आपल्याकडील जुन्या पेठांना वारांची, देवांची किंवा धंद्यांची नावे असतात. गल्ल्या मोजून त्यांना क्रमांक देणारे शहर विरळाच. याचे मूळ शहराच्या जन्मकथेत आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने पांझरेच्या दक्षिण तीरावरील या लहानशा गावी आपले ठाणे आणले. कचेऱ्या उभ्या राहिल्या, पण बाजार नसेल तर ठाण्याला अर्थ नाही. म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्यास जागा कायमची भाडेमुक्त देण्यात आली. पक्के घर उभारावे यासाठी आगाऊ रकमाही देण्यात आल्या, गावच्या रहिवाशांना आणि परगावाहून येणाऱ्यांनाही. जागा फुकट मिळाली, परंतु ती आखलेल्या ओळीत. व्यापाऱ्याने ती ओळ मानली आणि त्यातून हे शहर घडले.

या आखणीचे श्रेय सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देण्याची धुळेकरांना सवय आहे. त्यांचा जन्म १८६० सालचा, त्यामुळे नव्या धुळ्याची पहिली रेघ त्यांनी ओढली असणे शक्य नाही. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर तरुणपणी ते खानदेशात आले, आणि दातर्तीजवळ पांझरेचे पात्र ओलांडून पाटाचे पाणी पलीकडे नेणारी नळवाहिनी त्यांनी बांधली. कीर्तीला हे कामही पुरेसे आहे.

जुने धुळे नावाचा भाग अजूनही त्याच नावाने ओळखला जातो. तिथून नव्या पेठेत यावे म्हणजे फरक पायांनाच कळतो. तिकडे वाट घरांमधून मार्ग काढीत जाते. इकडे घरे वाटेला मान देऊन उभी राहतात. जुन्या घरांपैकी जी थोडी उरली आहेत त्यांच्यापुढे क्षणभर थांबावे. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर हातभर रुंद ओटा, सागवानी खांब, वर पुढे आलेला सज्जा. दोन घरांचे कोरीवकाम कधी सारखे नसते, कारण प्रत्येक शेठजीने आपल्या ऐपतीची नक्षी करवून घेतली. पण जोत्याची उंची शेजाऱ्याशी जुळवून घेतलेली आणि सज्जाची ओळ पुढच्या घराला चिकटलेली दिसते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, अशा मुलखात त्या सलग सज्जाखालून ग्राहक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सावलीतच जात असे. ओटा मालकाचा, सावली मात्र गल्लीची. अशी घरे बांधणाऱ्यांत मारवाडातून आलेली आपली किती घराणी होती, हे जुन्या चोपड्याच सांगू शकतील.

आज तोच ओटा वादाचे मूळ झाला आहे. ओट्यावर आधी पत्र्याची पडवी येते, मग शटर, मग शटरपुढे मालाची रास. शेजारी दोन हात पुढे सरकला, मग मी मागे का राहू, या हिशेबात सारी रांग पुढे येते आणि कोणाचेच दुकान अधिक उठून दिसत नाही. जयपूर १७२७ साली वसले, ते आखलेल्या चौकांचे आणि बाजारांचे शहर म्हणून. तिथल्या जव्हेरी बाजारातही व्यापाऱ्यांनी बरामदे अडवले होते, ते पुढे मोकळे करावे लागले. मोकळे झाल्यावर मात्र त्याच बरामद्यांतून चालायला लोक येऊ लागले.

महापालिका कायद्यात ‘रस्त्याची नियमित रेषा’ अशी संज्ञा आहे. धुळे आणि जळगाव ही दोन्ही शहरे २००३ साली महापालिका झाली. रेषा ठरली की पुढे नवे बांधकाम करणाऱ्यास तेवढे मागे सरकावे लागते, आणि सोडलेल्या जागेचा मोबदला बहुधा वाढीव चटईक्षेत्राच्या रूपाने मिळतो. वडिलोपार्जित दुकान पाडून बांधताना भावाभावांत हाच प्रश्न उभा राहतो. दर्शनी रुंदी आधीच वाटणीत अर्धी झालेली, त्यात खोलीतूनही चार हात जाणार. वर मिळालेला मजला तळमजल्याच्या गल्ल्याची बरोबरी करत नाही. ही अडचण खरी आहे, आणि जे शहरसौंदर्याची व्याख्याने देतात त्यांनी ती आधी समजून घ्यावी. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीसाठी वेगळ्या सवलती आहेत, त्या याचसाठी. तथापि जागा किती सोडावी हे नियम सांगतो. दर्शनी भाग कसा असावा याबाबत जुन्या पेठांच्या वाट्याला त्यात फारसे काही येत नाही. ती मोकळीक आपण काचेने आणि चकचकीत पत्र्याने भरून काढली. काचेमागे ऊन कोंडते, मग यंत्राने गारवा आणायचा, त्याची गरम हवा पुन्हा गल्लीत सोडायची. पाटीचा नियम तेवढा स्पष्ट आहे : २०२२ च्या दुरुस्तीने दुकानाचे नाव मराठी देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवे. अक्षराचा आकार कायद्याने ठरतो, पाटीने झाकलेल्या कमानीचे काय, हे आपल्यावर सोडलेले आहे.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावला येणारा महामार्ग आता रुंद झाला आहे आणि दोन्ही बाजूंची जुनी सावली विरळ झाली आहे. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावी आले. तिथे नजर वर जाते ती महापालिकेच्या सतरा मजली इमारतीकडे. नजर खाली आणावी ती फुले मार्केटच्या गर्दीत. दोन्हींच्या मधल्या उंचीवर, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर, शहर काय दाखवते हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर काव्यरत्नावली चौकात आहे. १८८७ पासून नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावातून चालवलेल्या कवितांच्या मासिकाचे नाव या चौकाला आहे. जवळच भाऊंचे उद्यान आहे. दुसरे उत्तर शिरसोली रस्त्यावरच्या जैन हिल्सवर, जिथे भवरलालजींनी उघड्या माळावर पावसाचे पाणी अडवून झाडी वाढवली.

बाजारपेठेत मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणि फरशी ओतलेली असते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचा एक मीटर भाग मोकळा करण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यात १९७५ चा शहरी वृक्षांचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वेगळे संरक्षण मिळाले. एक मीटरसाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहार घेऊन दुकानाचा नोकरही ते काम एका दुपारी करू शकतो, आणि पहिल्याच पावसात पाणी त्या निंबाच्या मुळाशी उतरते.