ऐकू न येणारा ठराव

शासनाच्या संकेतस्थळावरून एखाद्या शासन निर्णयाची पीडीएफ उतरवून घ्या. त्यातली एक ओळ कॉपी करा आणि मित्राला व्हॉट्सॲपवर पेस्ट करून पाठवा. पुष्कळदा असं होतं की पडद्यावर ‘शासन निर्णय’ दिसत असतं आणि पेस्ट केल्यावर ‘शासन ननणगय’ उमटतं. ‘विभाग’चा ‘ववभाग’ होतो. आपण हसतो, दोन अक्षरं हातानं दुरुस्त करतो आणि पुढे जातो.

पीडीएफच्या पोटात एक तक्ता असतो. पडद्यावर दिसणारं कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर, हे त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता नीट तयार झाला नाही, तर पहिल्या वेलांटीच्या जागी भलतंच अक्षर येतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पण जो माणूस कानांनी वाचतो, त्याला फोन ‘ननणगय’ असंच वाचून दाखवतो.

माझा मामा कानांनी वाचतो. जालना जिल्ह्यातल्या एका गावात त्याची मोसंबीची बाग आहे. काचबिंदूनं चाळिशीनंतर त्याची नजर गेली. आता त्याच्या फोनवर टॉकबॅक चालू असतं. बोट फिरेल तिथलं अक्षर फोन मराठीत बोलून दाखवतो. बाजारभाव, हवामान, नातेवाइकांचे मेसेज, सगळं तो स्वतः ऐकतो. अडतो तो एकाच ठिकाणी. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा फोटो येतो, तेव्हा फोन फक्त ‘फोटो’ एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

‘‘साऱ्या जगाचं वाचतो हा फोन,’’ मामा मला म्हणाला होता, ‘‘मंग ग्रामपंचायतीचंच काहून वाचत नाही?’’

प्रश्न साधा होता, पण त्यात त्याचा पैसा अडकला होता. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्यात नियम आहे. तो कशावर खर्च करायचा, हे ठरावात लिहिलेलं असतं. ज्यांच्यासाठी निधी, त्यांनाच ठराव वाचता येत नाही. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा, तर तो जेवढं वाचेल तेवढंच कळणार.

मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. आमची टीम अमेरिकेतल्या एका बँकेच्या ॲपचं काम बघते. तिथं एखाद्या बटणाला स्क्रीन रीडरसाठी नाव द्यायचं राहिलं, तर रिलीज थांबतं. लांबच्या कुणा अंध ग्राहकाला पैसे पाठवताना अडचण येऊ नये म्हणून आम्ही रात्री जागतो. मामाच्या इतिवृत्तासाठी मात्र कुणाचंच काही थांबत नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका पंचायत समितीतल्या ओळखीच्या कनिष्ठ सहाय्यक मॅडमनी विचारलं, ‘‘पुण्याचे इंजिनिअर ना तुम्ही? आमच्या लोकांना दोन तास कॉम्प्युटरचं काही शिकवा की.’’ मी हो म्हणालो. शुक्रवारी दुपारी सभागृहात अकरा जण जमले. काही कार्यालयातले सहाय्यक होते, काही गावोगावचे ग्रामसेवक. २०२४ पासून ग्रामसेवकांचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावात अजून ‘भाऊसाहेब’च चालतं.

कायदेमंडळ म्हटलं की आपल्याला मुंबईचं विधानभवन आठवतं. तिथं सभागृहातला शब्द न् शब्द टिपायला प्रशिक्षित प्रतिवेदक असतात. देशात ‘ई-विधान’ही सुरू झालंय. हिमाचल प्रदेशची विधानसभा २०१४ मध्येच कागदाविना चालू लागली आणि मार्च २०२२ मध्ये नागालँडच्या सभागृहात प्रत्येक आमदाराच्या टेबलावर टॅब्लेट आला. पण कायद्यानं वर्षातून किमान चार वेळा भरणारी ग्रामसभा हेही सभागृहच आहे, आणि तिचा मतदार तिथं स्वतः बसलेला असतो. या सभागृहाचा प्रतिवेदक, सचिव, टंकलेखक आणि शिपाई बहुधा एकच माणूस असतो. तो माणूस त्या दुपारी माझ्यासमोर बसला होता.

मी सुरुवातीला काही शिकवलंच नाही. एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लॅपटॉपवर चालू केला. हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रामरनं २००६ मध्ये लिहायला घेतला. त्यांचंच एक जुनं पत्र मी उघडलं. ते कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. पडद्यावर स्वच्छ ‘मराठी’ दिसत होतं आणि स्पीकरमधून आवाज आला, ‘ई जे के बी एच’.

सभागृहात हशा पिकला. मग एक भाऊसाहेब म्हणाले, ‘‘म्हणजे आम्ही वीस वर्षं इंग्रजीतच टाइप करून राहिलो का?’’

एका अर्थानं, हो. कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे जुने फॉन्ट आले तेव्हा संगणकाला मराठी कळत नव्हतं. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांची चित्रं बसवली गेली. कृतिदेवमध्ये ‘म’ हा ‘ई’च्या खणात बसतो, ‘र’ हा ‘जे’च्या. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसतं, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं साठतात. त्या काळी ती गरज होती आणि त्या फॉन्टांनी मराठी छपाई तगवली, हेही खरं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे फोन, गूगल आणि स्क्रीन रीडर, तिघांनाही ‘म’ हा ‘म’च दिसतो.

मग युनिकोड सगळीकडे का नाही? मला वाटायचं, आळस. त्या दुपारी खरं कारण कळलं. या लोकांनी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा रेमिंग्टन कीबोर्डवर दिलेली. नोकरी लागली ती त्या बोटांच्या जोरावर. ‘फॉन्ट बदला’ म्हटलं की त्यांना ‘बोटं बदला’ असं ऐकू येतं. युनिकोडमध्येही रेमिंग्टनची तीच मांडणी वापरता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सेटिंग करून दिलं. एका सहाय्यकांनी न बघता एक परिच्छेद टाइप केला आणि म्हणाले, ‘‘हे तर आपलंच आहे की!’’

एमएस-सीआयटी सगळ्यांनी केलेलं होतं. २००१ पासून महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी ते केलंय, सरकारी नोकरीत ते लागतंच. पण वर्डमध्ये शीर्षक ठळक करणं वेगळं आणि त्याला ‘हेडिंग’ ही स्टाइल देणं वेगळं, हे फारसं कुणाला आठवत नव्हतं. अक्षर ठळक केलं की डोळ्याला कळतं. हेडिंग दिलं की स्क्रीन रीडर वापरणारा एक कळ दाबून ठराव क्रमांक १ वरून थेट ७ वर जातो. नाहीतर मधली बारा पानं ऐकावी लागतात. बोटाच्या एका क्लिकचा फरक, आणि तो शिकायला चार मिनिटं लागली.

गाडी अडली ती पुढे. मी म्हणालो, ‘‘टाइप झालं की प्रिंट काढून स्कॅन करू नका. वर्डमधूनच पीडीएफ करा.’’ सगळे माझ्याकडे बघायला लागले.

‘‘सर, सही कुठं करायची मग?’’

मुद्दा बिनतोड होता. कागदावर सरपंचांची सही आणि गोल शिक्का नसेल, तर तो ठरावच नाही. म्हणून चांगली टाइप केलेली फाइल छापली जाते, तिच्यावर सही होते, ती पुन्हा स्कॅन होते आणि मजकुराचा फोटो होतो. डिजिटल सहीचं मी सांगून पाहिलं. पण ती प्रत्येकाकडे नव्हती आणि असली तरी तिचा डोंगल कुणाच्या तरी कपाटात होता. माझ्याकडचं उत्तर तिथं संपलं.

उत्तर मॅडमनी दिलं. ‘‘आपण परिपत्रकाच्या प्रती काढतो तेव्हा काय करतो? मूळ सहीचा कागद नस्तीत ठेवतो आणि प्रतीवर ‘सही/-’ लिहितो. तसंच करू. सहीचा कागद दप्तरी, आणि लोकांना ‘सही/-’ची प्रत.’’

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकेक जण मान हलवू लागला. टाइपरायटर आणि कार्बन पेपरच्या काळापासून चालत आलेली दोन खुणांची ही पद्धत. हिंजवडीत बसून मी हजार वर्षं विचार केला असता, तरी मला ती सुचली नसती.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. ‘कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटर येत नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. त्यांना दप्तर येतं. नोंद कशी टिकवायची, प्रत कशी खरी ठरते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना एवढंच सांगायचं राहिलं होतं की त्या प्रतीच्या दुसऱ्या टोकाला कानांनी वाचणारा एक माणूस आहे.

तो माणूस कायद्यात आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ सांगतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात हवा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सुगमतेचे नियम म्हणजे नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. दिल्लीतला निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचायचा, तर वाटेत तालुक्याचं टेबल लागतं. त्या टेबलापाशी कुणी चार तास बसत नाही, तोवर निकालाचीही पीडीएफच होते.

दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी मामाच्या गावच्या ग्रुपवर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आलं. त्यांचे भाऊसाहेब त्या अकरा जणांत होते. फोटो नव्हता, पीडीएफ होती. खाली ‘सही/-’. मामानं ओसरीवर बसून ती पूर्ण ऐकली आणि मला फोन केला.

‘‘ठराव क्रमांक ७ ऐक,’’ तो म्हणाला आणि फोन फोनला लावला. यंत्राच्या सपाट आवाजात आलं, दिव्यांग निधीतून ग्रामपंचायत कार्यालयासाठी खुर्च्या व पंखे खरेदी करणे, सर्वानुमते मंजूर.

‘‘सर्वानुमते?’’ मामा म्हणाला. ‘‘म्या तिथंच बसलो होतो. माझा हात कोण मोजला?’’

मला हसू आलं, त्याला नाही. इतकी वर्षं असे किती ठराव त्याच्या नावानं मंजूर झाले असतील, याचा हिशोब तो मनात करत असावा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मामा उभा राहिला. त्यानं ठरावाचा क्रमांक सांगितला, तारीख सांगितली आणि शब्द न् शब्द म्हणून दाखवला. दोघा-तिघांनी त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला. भाऊसाहेब लिहीत होते. आठवड्यानं इतिवृत्त आलं, त्यात एक नवी ओळ होती. ठराव क्रमांक ७ वर एका ग्रामस्थाने आक्षेप नोंदवला, विषय पुढील सभेत फेरविचारासाठी ठेवण्यात येत आहे.

पुढची सभा १ मेला आहे. मामानं गावातल्या आणखी चार दिव्यांगांना ती ओळ फोनवर ऐकवली आहे.