मोहाडीकडची मंडई

भंडाऱ्याहून वरठीमार्गे तुमसरकडे निघाले की वाटेत मोहाडी लागते. दोन्ही बाजूंना धानाची शेते, मध्येच तलाव. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे शिक्षकमित्र गाडी करून या तालुक्यातल्या एका गावी मंडई पाहायला गेलो. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, लेकी-जावयांची वर्दळ. रात्री दंडार, नाटक नाहीतर खडी गंमत.

दुपारी एका दोस्ताच्या घरी दस्तरखानावर नव्या तांदळाचा भात आणि तलावातल्या मासळीचा झणझणीत रस्सा होता. बाजारातून उकडलेले शिंगाडे घेतले. इशाची नमाज आटोपून आम्ही गंमतीला जाऊन बसलो.

खडी गंमत म्हणजे उभ्याने केलेली गंमत. शाहीर, नाच्या, ढोलकीवाला सारे उभेच. कर्ज, सासुरवास, गावातली भांडणे हसत-हसवत समोर येतात, तीही झाडीबोलीत. शाळेत जे बोलायला मुले लाजतात, त्याच बोलीला इथे टाळ्या पडत होत्या.

अमेरिकेत मिसिसिपीच्या कापूसशेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या दुःखातून ब्लूज संगीत जन्मले. क्लार्क्सडेल गावात 1979 पासून त्याचे संग्रहालय आहे. जगभरचे लोक ते पाहायला जातात. आमचे कलावंत मात्र पहाटे ढोलकी ठेवतात आणि विळा घेऊन धान कापायला जातात.

यंदा मुलांना घेऊन एखाद्या मंडईला जा. त्यांना आजी-आजोबांची बोली मंचावरून ऐकू द्या.