आवाजाचा आकडा

रोहिणखेडच्या घरी बाबा टीव्हीचा आवाज किती ठेवतात, ते मला पुण्यात बसून दिसतं. आकडा दिसतोच आहे तर त्याला आळाही आपणच घालावा, असं माझं पक्कं मत होतं. आता ते राहिलेलं नाही.

माझा जुना डेनॉनचा रिसीव्हर मी गावी नेऊन टीव्हीला आणि राउटरला जोडला. नेटवर्कवरून ‘एमव्ही?’ एवढंच विचारलं की तो ‘एमव्ही५२’ असं उत्तर देतो. म्हणजे मुख्य आवाज ५२ वर आहे. कुणी रिमोटनं कमीजास्त केलं तर न विचारताही कळवतो. घरातला एक छोटा संगणक हे सगळं टिपतो आणि मला आलेख दिसतो. शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच. आई आवाजानं वैतागलेली. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहेच. म्हणून रात्री ठरावीक आकडा ओलांडला की आवाज आपोआप खाली यावा, अशी सोय मी करून ठेवली.

बाबांनी तक्रार केली नाही. ते टीव्हीच लवकर बंद करू लागले. आलेखातली रात्रीची रेघ आखूड होत गेली आणि मला समाधान वाटत राहिलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा विचारलं. म्हणाले, “आवाज येते रे, पण काय बोलून राह्यले ते समजत नाही.”

त्या वाक्यानं मी त्या आकड्याकडे नव्यानं पाहायला लागलो. ५२ म्हणजे खोलीतले डेसिबल नव्हेत. रिसीव्हर आवाज किती वाढवतो आहे, एवढंच तो सांगतो. या मापात ८० ही चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीची खूण, आणि एक आकडा म्हणजे एक डेसिबल. पण मूळ ध्वनिमुद्रण हळू असेल तर त्याच ५२ वर कीर्तन पुटपुटल्यासारखं येतं आणि पाठोपाठ जाहिरात अंगावर येते. त्यात वयानुसार कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतो. स, श, फ यांसारखी अक्षरं पुसट होतात. स्वर ऐकू येतात, शब्द लागत नाहीत. अशा माणसाचा आवाज मी दुरून कमी करत होतो.

मग बाबांना शेजारी बसवून मधल्या स्पीकरची पातळी चढवली, कारण चित्रपटातले संवाद बहुतेक तिथूनच येतात. रात्रीसाठी मोठ्या-लहान आवाजातली तफावत कमी करणारी सोय चालू केली. त्यांना शब्द लागले, आणि मुख्य आकडा त्यांनी स्वतःच खाली आणला. आईलाही ते चाललं.

आपोआप आवाज उतरवणारा भाग मी काढून टाकला. टिपणं चालू आहेत, पण बाबांना सांगून. आलेख त्यांच्या फोनवरही दिसतो. दुसऱ्याच्या घरातला आवाज दुरून बघायला माझी हरकत नाही. तो फिरवण्याआधी मात्र तिथल्या माणसाला विचारलंच पाहिजे, मग तो आपला बाप का असेना.

गेल्या काही महिन्यांत रेघ पुन्हा हळूहळू चढते आहे, तेच कार्यक्रम असूनही. ती दाखवली तेव्हा बाबा बुलढाण्याला कान तपासून घ्यायला तयार झाले. कापूस वेचून झाला की जाऊ, असं ठरलं आहे.